ओढ्यातले लहान जीव किती आणि कुठे सरकतात: मोजायचं कसं

ओढ्यात दोन तास जाळं लावलं आणि त्यात ८४ जीव आले. यावरून काय कळलं? फारसं काहीच नाही. तेवढ्या वेळात जाळ्यातून किती पाणी गेलं, ते जीव किती लांबून आले आणि त्याच वेळी तळावरून किती जीव प्रवाहाच्या उलट चढून गेले, हे माहीत नसेल तर ८४ हा आकडा दुसऱ्या ओढ्याशी ताडून बघता येत नाही. त्याच ओढ्यातल्या दुसऱ्या दिवसाशीही नाही. मेफ्लाय आणि स्टोनफ्लायची पिल्लं, कॅडिसफ्लाय आणि ब्लॅकफ्लायच्या अळ्या (हे चारही मोठेपणी उडणारे कीटक), गॅमारससारखे कवचधारी, गोगलगाई, चपटकृमी, जळवा अशा जिवांची हालचाल मोजायची तर ‘किती’ आणि ‘किती लांब’ हे दोन्ही प्रश्न एकदमच सोडवावे लागतात.

आधी वाटा ओळखा

सर्वांत ठळक वाट म्हणजे पाण्याबरोबर खाली वाहत जाणं. अभ्यासक याला सरसकट ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. थॉमस वॉटर्स यांनी १९६५ मध्ये त्याचे तीन प्रकार केले, आणि ते आजही कामाला येतात. कुठल्याही वेळी चुकून पाय सुटून वाहणारे थोडे जीव, हा पहिला. दिवसाच्या ठरावीक वेळी, बहुतेकदा रात्री, जिवांच्या स्वतःच्या वागण्यामुळे वाढणारा ड्रिफ्ट, हा दुसरा. पूर, कीटकनाशक, अचानक आटलेलं किंवा तापलेलं पाणी यामुळे होणारी पळापळ किंवा वाताहत, हा तिसरा. जाळ्यात तिन्ही मिसळून येतात, म्हणून पाण्याची अवस्था नोंदवल्याशिवाय नमुना घेऊ नये.

वाहणारा प्रत्येक जीव असहाय नसतो. बीटिस या मेफ्लायचं पिल्लू दगडाच्या वरच्या बाजूला शेवाळाचा पातळ थर खरवडून खात असतं. जवळ शिकारी स्टोनफ्लाय आली की ते पाय सोडतं आणि प्रवाहात शिरतं. काही अंतर पाय पसरून नुसतं तरंगतं, मग तळाजवळ आलं की पोट वर-खाली झटकत तीन-चार वेगवान फटकाऱ्यांत दगड गाठतं. ब्लॅकफ्लायच्या अळीची तऱ्हा वेगळी. ती दगडावर रेशमाची टिकली चिकटवते आणि शेपटीकडच्या आकड्यांच्या कड्याने तिला धरून राहते. जागा बदलायची असेल तर पुढे वाकून नवी टिकली लावते, तोंडाजवळच्या पायाने ती पकडते आणि मागचं टोक तिथे आणते. धोका असेल तर रेशमी धाग्याला लोंबकळत थोडी खाली जाते आणि पुष्कळदा त्याच धाग्याने परत वर येते. अशी अळी ‘वाहून गेली’ असं लिहिणं चूक ठरतं.

दुसरी वाट तळावरून सरपटण्याची. गोगलगाई, गॅमारस, शिकारी स्टोनफ्लाय आणि घर नसलेल्या कॅडिस अळ्या यात पुढे असतात (बऱ्याच कॅडिस अळ्या वाळू-काड्यांचं घर अंगावर घेऊन फिरतात). बऱ्याच जिवांचा कल प्रवाहाकडे तोंड करून पुढे जाण्याचा असतो. चपळ शिकारी अळ्या दिवसात दहा-बारा मीटर जाऊ शकतात, तर संथ जीव एक-दोन मीटरवर थांबतात. तिसरी वाट खाली, तळातल्या खडी-वाळूच्या फटींत. पुरात आणि कोरड्या काळात हाच आसरा असतो आणि नंतर तिथूनच वरचा तळ पुन्हा भरतो. चौथी वाट हवेतली: पंख फुटलेले प्रौढ कीटक उडून जातात आणि दुसरीकडे अंडी घालतात.

पाचवी वाट दुसऱ्याच्या अंगावरून. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांच्या अळ्या माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून प्रवाहाच्या उलट जातात. पाणकोळी (पाण्यातले इवलेसे कोळ्यासारखे माइट) उडणाऱ्या कीटकांच्या अंगावर बसून जातात. बदकाच्या पायाला चिकटलेल्या नुकत्या जन्मलेल्या गोगलगाई दमट हवेत १२ ते २० तास जगतात, हे डार्विन यांनी १८५९ मध्येच नोंदवलं होतं. १८८२ मधला त्यांचा शेवटचा छापील लेखही एका पाणभुंग्याच्या पायाला धरून बसलेल्या इवल्याशा शिंपल्याबद्दल आहे. एका ओढ्याच्या मोजणीत ही वाट आकड्यांत पकडता येत नाही. पण एखादी गोगलगाय अचानक धबधब्याच्या वर सापडली तर तिची आठवण ठेवावी.

कोडं कुठे आहे

रोज हजारो जीव खाली वाहत असतील तर वरचा ओढा रिकामा का होत नाही? कार्ल म्यूलर यांनी १९५४ मध्ये स्वीडनमधल्या कामावरून उत्तर सुचवलं की पिल्लं खाली वाहतात आणि प्रौढ माद्या वरच्या दिशेला उडत जाऊन अंडी घालतात, त्यामुळे चक्र पुरं होतं. १९९३ मध्ये अलास्कातल्या कुपारुक नदीवर नायट्रोजनच्या जड समस्थानिकाची खूण वापरून तपासलं, तेव्हा बीटिसचे सुमारे एक तृतीयांश ते निम्मे प्रौढ १.६ ते १.९ किलोमीटर वर उडून गेल्याचा अंदाज निघाला. मात्र गॅमारसला पंख नाहीत, गोगलगाईलाही नाहीत, तरी त्या वरच्या भागात टिकून आहेत. त्याचं कारण गणितात सापडतं, आणि ते गणित पुढे आकड्यांसह येतं.

ड्रिफ्टचं जाळं: काय हवं

आयताकृती तोंडाची धातूची चौकट, ४५ सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. उंच. तिला दीड मीटर लांब निमुळती जाळीची पिशवी, शेवटी उघडता येणारी बाटली किंवा दोरीने बांधायचं टोक. जाळीचं छिद्र २५० मायक्रॉन घ्यावं. ५०० मायक्रॉनची जाळी तुंबत नाही हे खरं, पण नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं त्यातून निसटतात आणि तीच सर्वांत जास्त वाहतात. उलट १०० मायक्रॉनची जाळी अर्ध्या तासात चिखलाने बंद होते. वर दिलेल्या मापाच्या पिशवीत जाळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण आठपट भरतं. आखूड पिशवीत ते कमी होतं, पाणी तोंडाशीच अडतं आणि जीव बाजूने निघून जातात.

याशिवाय १२ मिलिमीटर जाडीच्या एक मीटर लांब लोखंडी सळया (प्रत्येक जाळ्याला दोन), हातोडा, फ्लोमीटर (पाण्याचा वेग मोजणारं यंत्र), मोजपट्टी, पाण्याचा थर्मामीटर, पांढरे ट्रे, चिमटे, रुंद तोंडाच्या बाटल्या आणि ९५ टक्के इथेनॉल लागतं. रात्रीसाठी लाल उजेडाचा डोक्यावरचा दिवा घ्यावा. बहुतेक कीटकांना लाल रंग फार कमी दिसतो.

लावण्याची पद्धत

जागा खळाळत्या भागाच्या खालच्या टोकाला निवडा, डोहाच्या आधी. डोहाच्या खाली लावलेल्या जाळ्यात कमी जीव येतात, कारण संथ पाण्यात बरेच जीव आधीच तळाला बसलेले असतात. वर निदान ३० मीटरपर्यंत सकाळपासून कुणी पाण्यात उतरलेलं नसावं. दगडावर पाय पडला की शेकडो जीव सुटतात आणि तासाभराच्या नमुन्यात नेमके तेच भरतात. म्हणूनच सळया आदल्या दिवशी ठोकून ठेवाव्यात आणि जाळ्याकडे नेहमी खालच्या बाजूने यावं.

चौकटीची खालची कड तळापासून ३ ते ५ सें.मी. वर ठेवा. ती तळाला टेकली तर गोगलगाई आणि कॅडिस अळ्या चालत आत येतात आणि ड्रिफ्ट म्हणून मोजल्या जातात. वरची कड पाण्याच्या बाहेर राहू द्या, म्हणजे पृष्ठभागावरून येणाऱ्या कातीही मिळतील. त्या वेगळ्या मोजायच्या. कात म्हणजे जीव नव्हे, आणि घाईत ही गल्लत हमखास होते.

जाळं लावताच तीन गोष्टी मोजा: चौकटीच्या आत पाण्याची उंची, तोंडाच्या मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना पाण्याचा वेग, आणि घड्याळातली वेळ. काढण्यापूर्वी वेग पुन्हा मोजा आणि दोन्हींची सरासरी धरा. शेवटचा वेग सुरुवातीच्या चार पंचमांशापेक्षा खाली गेला असेल तर जाळं तुंबलं आहे. असा नमुना टाकून द्यावा आणि पुढची वेळ निम्मी करावी. पानगळीच्या दिवसांत किंवा पावसाच्या पहिल्या सरीनंतर अर्धा तासही पुरे होतो, निवळ पाण्यात दोन-तीन तास चालतात. फ्लोमीटर नसेल तर पाच मीटर अंतरावर तरंगती काडी तीनदा सोडून सरासरी वेळ घेता येते आणि येणाऱ्या वेगाला ०.८५ ने गुणता येतं. पण तो वेग ओढ्याचा झाला. जाळं स्वतः पाणी अडवतं, त्यामुळे तोंडातला वेग त्याहून कमीच असतो.

एका जागी किमान दोन जाळी शेजारी शेजारी लावावीत. एकाच ओढ्यात, एकाच तासात, दोन मीटर अंतरावरची जाळी दुप्पट फरक दाखवू शकतात. एकाच जाळ्यावर विसंबून काढलेला निष्कर्ष नुसता योगायोग असू शकतो.

वेळ: इथे कंजुषी नको

मेफ्लायची पिल्लं आणि गॅमारस यांचा ड्रिफ्ट बहुतेक ओढ्यांत सूर्यास्तानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत झपाट्याने चढतो. पहाटेपूर्वी कधी कधी दुसरा, लहान शेंडा दिसतो. उजेड एका लक्सच्या आसपास किंवा त्याखाली गेला की हा बदल सुरू होतो, आणि भर चांदण्यात तो दबतो. म्हणून चंद्राची कला आणि ढग यांची नोंद करणं गरजेचं. सगळे जीव रात्रीचे नसतात. पाणकोळी आणि काही घरवाल्या कॅडिस अळ्या दिवसा जास्त वाहतात, तर बऱ्याच कायरोनोमिड (डासासारख्या, पण न चावणाऱ्या कीटकांच्या) अळ्यांना ठरावीक वेळच नसते.

रात्रीचं कारण मुख्यतः मासे. वाहतं भक्ष्य डोळ्यांनी टिपणारे मासे जिथे आहेत तिथे दिवसा वाहणं जिवावर बेततं. अलेक्झांडर फ्लेकर यांनी अँडीजमधल्या ओढ्यांची तुलना १९९२ मध्ये मांडली. जिथे असे मासे मुळातच नव्हते तिथे दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ दिसत नव्हता. त्यामुळे मासे आहेत की नाहीत, असतील तर कोणते, हा रकाना तुमच्या नोंदवहीत असायलाच हवा.

पूर्ण २४ तास, दर दोन तासांनी जाळं बदलणं ही उत्तम पद्धत. ते जमत नसेल तर चार वेळा धरा: भर दुपार, सूर्यास्तानंतर लगेच, मध्यरात्र आणि पहाटेपूर्वी, प्रत्येक वेळी दोन तास. फक्त दिवसाचे नमुने घेऊन ‘या ओढ्यात ड्रिफ्ट नाही’ असं कुणी लिहू नये.

हिशेब

जाळ्यातून गेलेलं पाणी = चौकटीची रुंदी × आतली पाण्याची उंची × सरासरी वेग × सेकंद.

समजा रुंदी ०.४५ मी., पाण्याची उंची ०.२० मी., वेग सेकंदाला ०.३५ मी., वेळ २ तास म्हणजे ७,२०० सेकंद. गुणाकार २२६.८ घनमीटर. त्यात ८४ जीव, म्हणजे दर १०० घनमीटरला ३७. ही झाली ड्रिफ्टची घनता, आणि तुलना करायची ती हिच्याशी.

आता पूर्ण ओढ्याचा दिवसभराचा लोंढा. रात्रीच्या १२ तासांची सरासरी ३७ आणि दिवसाच्या १२ तासांची ६ धरली तर दिवसाची सरासरी २१.५ येते. ओढ्यातून सेकंदाला ०.२८ घनमीटर पाणी जात असेल तर दिवसाला २४,१९२ घनमीटर. म्हणजे त्या ठिकाणाहून दिवसात अंदाजे ५,२०० जीव खाली जातात.

आकडा मोठा दिसतो, आणि बरेच अहवाल इथेच थांबतात. खरं काम यापुढे आहे.

किती लांब वाहतात

प्रवाहात शिरलेले जीव अंतरागणिक ठरावीक प्रमाणात तळाला परत बसतात, त्यामुळे उरलेल्यांची संख्या आधी झपाट्याने आणि मग हळूहळू उतरते. हा उतार शोधण्याचा प्रयोग साधा आहे. ओढ्याची अरुंद जागा निवडा, जिथे जाळं पूर्ण रुंदी झाकेल. ते शक्य नसेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याच्या आडव्या पाट्या लावून पाणी जाळ्याकडे वळवा. नाहीतर जाळ्याच्या कडेने निसटलेले जीव ‘बसले’ म्हणून मोजले जातील.

त्याच ओढ्यातून हलक्या हाताने गोळा केलेले, एकाच जातीचे आणि साधारण एकाच आकाराचे १०० जीव बादलीत घ्या. ५ सें.मी. व्यासाच्या नळीतून त्यांना पाण्याच्या मध्यावर सोडा, आधी जाळ्यापासून ५ मीटरवर, मग १० वर, मग २० वर. प्रत्येक वेळी दहा मिनिटं जाळं ठेवा. जीव सोडण्याआधीच्या दहा मिनिटांतही एकदा जाळं लावून आपोआप येणारे किती ते मोजा आणि वजा करा. हा वजाबाकीचा नमुना वगळला तर प्रयोग वाया जातो.

५ मीटरवरून ५० आले, १० वरून २५ आणि २० वरून ६, तर दर ५ मीटरला निम्मे बसत आहेत. ०.६९३ ला (हा २ चा नैसर्गिक लॉगरिदम) ५ ने भागलं की मीटरमागे बसण्याचा दर ०.१३९ येतो, आणि १ ला या दराने भागलं की सरासरी अंतर ७.२ मीटर. सोबत तेवढेच मेलेले जीवही सोडून बघावेत. मेलेले जास्त लांब गेले तर मधला फरक जिवंत पिल्लाच्या पोहण्याचा. बीटिसमध्ये तो मोठा असतो, जड घरवाल्या कॅडिसमध्ये जवळजवळ नसतो.

आता दोन्ही आकडे जोडा. दिवसाला ५,२०० जीव एका ठिकाणाहून जातात आणि प्रत्येक जण सरासरी ७.२ मीटर वाहतो, म्हणजे ओढ्याच्या प्रत्येक मीटर लांबीतून दिवसाला ७२२ जीव प्रवाहात शिरतात. ओढा ३ मीटर रुंद असेल तर चौरस मीटरला २४१. तळावर चौरस मीटरला ४,००० जीव असतील तर रोज ६ टक्के जीव जागा सोडतात. तेच सरासरी अंतर ३० मीटर असतं तर हे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली आलं असतं. जाळ्यातला आकडा तोच, पण तळावरची कहाणी चौपट वेगळी. अंतर मोजायचा कंटाळा करू नये तो यासाठी.

उलट चढणारे

यासाठी पेटी लागते: ३० सें.मी. रुंद, ६० सें.मी. लांब, १५ सें.मी. उंच, दोन्ही बाजूंना आणि छताला पत्रा किंवा प्लॅस्टिक. वरच्या टोकाला २५० मायक्रॉनची जाळी, म्हणजे पाणी आत येईल पण वाहते जीव येणार नाहीत. खालचं टोक उघडं ठेवून त्यात आत निमुळता होत जाणारा जाळीचा नरसाळा बसवा, २ सें.मी.चं तोंड ठेवून. पेटीचा तळ ओढ्याच्या तळाशी समपातळीत पुरा आणि आत धुतलेली, उकळत्या पाण्यातून काढलेली खडी पसरा. नरसाळ्याच्या आतल्या उतारावरही खडी हवी. गुळगुळीत पत्र्यावरून जीव चढत नाहीत.

२४ तासांनी पेटी उचलताना आधी खालचं टोक फळीने बंद करा. सर्वांत मोठी चूक वेगाची होते. वरची जाळी तुंबली की पेटीतलं पाणी संथ होतं, मागे भोवरा बनतो आणि वाहते जीव त्या भोवऱ्यातून मागच्या दाराने आत शिरतात. त्यांना ‘चढलेले’ म्हणून मोजलं की उलट चढणाऱ्यांचं प्रमाण फुगतं. दर सहा तासांनी वरची जाळी मऊ ब्रशने साफ करा, आणि आत पोहणारी बीटिससारखी पिल्लं जास्त दिसली तर पेटीवर संशय घ्या.

पेटीत दिवसाला ९ जीव आले तर ३ मीटर रुंदीला ९०. वाहत्या ५,२०० च्या तुलनेत दोन टक्केही नाहीत. पण जातवार वेगळं करा: गोगलगाई आणि गॅमारस यांचा वाटा इथे मोठा असतो, आणि गोगलगाईंचा ड्रिफ्टच्या जाळ्यात नगण्य.

गोगलगाईंवर खूण

कवचावर खूण टिकते, म्हणून गोगलगाय हा शिकण्यासाठी उत्तम जीव. कवच टिपकागदाने कोरडं करा, जलद वाळणाऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, पाच मिनिटं ओलसर कापडावर ठेवा, मग पाण्यात सोडा. ठिपका कवचाच्या उघड्या कडेला लागू देऊ नका. कॅडिसच्या घरावरही रंग चालतो, पण अळी घर पुढून वाढवते आणि मागून कापत जाते, म्हणून खूण घराच्या पुढच्या एक तृतीयांश भागात करावी. मेफ्लाय-स्टोनफ्लायच्या पिल्लांवर रंग लावू नये. कात टाकली की खूण गेली.

ओढ्यावर आडवी दोरी ताणून तिच्या रेषेवर १०० गोगलगाई सोडा. १, ३ आणि ७ दिवसांनी शोधा आणि दोरीपासूनचं अंतर लिहा, वर गेलेलं अधिक, खाली गेलेलं उणे. सर्वांत लांब सापडलेल्या गोगलगाईच्या पुढेही तेवढंच अंतर शोधत जा. पाच मीटरवर शोध थांबवला तर पाच मीटरच्या पलीकडे कुणी गेलं नाही असंच उत्तर येणार.

सात दिवसांनी अंतरांचं प्रमाण विचलन २.४ मीटर आलं तर त्याचा वर्ग ५.७६. त्याला दिवसांच्या दुपटीने, म्हणजे १४ ने भागलं की पसरण्याचा गुणांक दिवसाला ०.४१ चौरस मीटर. मघाचं गणित आता पुरं होतं. स्पायर्स आणि गर्नी यांनी २००१ मध्ये दाखवलं की पुरेशा लांब ओढ्यात, लोकसंख्या वाढीचा दर आणि पसरण्याचा गुणांक यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की जो वेग येतो, त्यापेक्षा हळू सरासरीने खाली घसरणारी जात टिकून राहते. वाढीचा दर दिवसाला ०.०२ धरला तर उत्तर दिवसाला १८ सें.मी. ही घसरण सगळ्या जिवांची, तळावर बसून घालवलेल्या वेळासह धरलेली सरासरी आहे. बहुतेक वेळ तळाला चिकटून राहणाऱ्या आणि थोडं वर-खाली भटकणाऱ्या गोगलगाईला पंखांची गरज का पडत नाही, ते इथे दिसतं.

चारी बाजूंचे ट्रे

तळ पुन्हा कुठून भरतो हे बघायला ३० × ३० × १० सें.मी.चे ट्रे वापरतात. विल्यम्स आणि हाइन्स यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही रचना अजूनही चांगली: एक ट्रे फक्त वरच्या प्रवाहाकडून उघडा, एक फक्त खालच्या बाजूने, एक फक्त तळातून, एक फक्त हवेतून अंडी घालण्यासाठी, आणि एक सर्व बाजूंनी. त्यांच्या ओढ्यात ड्रिफ्टचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे ४० टक्के निघाला. बाकी तिन्ही वाटांचा हिस्साही दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता.

ट्रेमधले दगड आधी दोन आठवडे त्याच ओढ्याच्या गाळलेल्या पाण्यात, उजेडात ठेवावेत. कोऱ्या दगडावर शेवाळाचा थर नसतो, खरवडून खाणारे जीव येतात आणि लगेच निघून जातात. नमुने १, २, ४, ८, १६ आणि २८ व्या दिवशी घ्या, प्रत्येक वेळी वेगळे ट्रे. ट्रे उचलण्यापूर्वी लगेच खाली हातजाळं धरा. हे विसरलं तर पोहणारी पिल्लं आधी सटकतात, चिकटून बसणारे राहतात, आणि बीटिस या जागी येतच नाही असा उलटा निष्कर्ष निघतो. ती प्रत्यक्षात सर्वांत आधी आलेली असते.

हवेतली वाट

दिशा जाणण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव (साधारण ३० × ४० सें.मी.) दोन्ही बाजूंना न वाळणारा चिकट थर लावून ओढ्यावर आडवा टांगा. खालच्या बाजूला चिकटलेले कीटक वर जात होते, वरच्या बाजूचे खाली. वाऱ्याची दिशा रोज लिहा, कारण ओढ्याच्या दरीत वारा दिवसा एका दिशेने आणि रात्री उलट वाहू शकतो. प्रकाशसापळा इथे वापरू नये, तो कीटकांना ओढून आणतो आणि त्यांची मूळ दिशा पुसून टाकतो. ओढ्यापासून बाजूला किती जातात हे बघायचं तर काठापासून ०, ५, १०, २०, ४० आणि ८० मीटरवर जाळीचे मॅलेझ सापळे (उडते कीटक अडवणारे तंबूसारखे सापळे) लावा. वेल्समधल्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात निम्म्या स्टोनफ्लाय १८ मीटरच्या आत आणि ९० टक्के ६० मीटरच्या आत सापडल्या. म्हणजे काठावरची झाडं तोडली की थेट याच पट्ट्यावर घाव बसतो.

पूलही नोंदवा. मेफ्लाय पाणी ओळखते ते त्यावरून परावर्तित होणाऱ्या आडव्या ध्रुवीकृत प्रकाशावरून. पुलाच्या सावलीत तो संकेत तुटतो. हंगेरीतल्या टिसा नदीवर पालिंजेनिया या मेफ्लायच्या वर उडणाऱ्या माद्या पुलाशी येऊन मागे फिरताना दिसल्या आहेत. ओला नसलेला डांबरी रस्ताही असाच प्रकाश परावर्तित करतो, आणि माद्या त्यावर अंडी घालतात. तुमच्या टापूत पाण्याबाहेर डोकं काढणारे दगड किती आहेत तेही मोजा. बीटिसच्या बऱ्याच जातींच्या माद्या अशा दगडावर उतरून, पाण्याखाली चालत जाऊन त्याच्या बुडाशी अंडी चिकटवतात. दगड नसतील तर माद्या पोचूनही उपयोग नाही.

नमुने, सुरक्षा आणि साफसफाई

बाटलीत पानं आणि जीव मिळून निम्म्याहून जास्त भरू नका, वर ९५ टक्के इथेनॉल ओता आणि २४ तासांच्या आत ते बदला. पानांतलं पाणी इथेनॉल पातळ करतं, मग मेफ्लायची पिल्लं मऊ होऊन पाय आणि कल्ले गळतात आणि जात ओळखता येत नाही. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, बाहेरची शाई इथेनॉलने पुसली जाते.

पाण्याची मीटरमधली खोली आणि सेकंदाला मीटरमधला वेग यांचा गुणाकार १ च्या जवळ जात असेल तर ओढ्यात उतरू नये. रात्री त्याच्या निम्म्यालाच थांबावं, आणि एकट्याने कधीच नाही. समस्थानिक सोडायचं असेल किंवा संरक्षित भागात काम असेल तर आधी परवानगी लागते.

एका ओढ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट आणि जाळी ही सहावी वाट बनू शकतात. न्यूझीलंडची पोटॅमोपिर्गस ही काही मिलिमीटरची गोगलगाय जगभर पसरली आहे, आणि अशा साधनांवरूनही ती पसरते. एकट्या मादीपासून वसाहत सुरू होते, आणि माशाच्या पोटातूनही ती जिवंत बाहेर पडू शकते. आधी ब्रशने चिखल काढा, शिवणी आणि बुटांच्या नाड्यांसकट. मग ४५ अंश सेल्सिअस पाण्यात १५ मिनिटं बुडवा आणि पूर्ण वाळवा. जाळ्याचं टोक उलटं करून वाळवायचं, कारण तिथली घडी सर्वांत शेवटपर्यंत ओली राहते.